भोपाळच्या जमिनीत काय मुरले?

युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्यातून २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री सुटलेला वायू आणि त्याच कारखान्याच्या आवारातील माती-पाण्याचे प्रदूषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यात, बातम्यांत आणि कधी कधी सरकारी कागदांतही त्यांची सरमिसळ होते. त्या रात्री पसरलेल्या मिथाइल आयसोसायनेटची पाण्याशी चटकन अभिक्रिया होते. ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहत नाही. आज तिथल्या मातीत आणि भूजलात जे सापडते, तो १९६९ ते १९८४ या पंधरा वर्षांत रोजच्या उत्पादनातून निघालेला आणि आवारातच टाकलेला कचरा आहे. म्हणजे ती दुर्घटना घडली नसती, तरी हे प्रदूषण तिथे असतेच. कदाचित त्याची दखल मात्र कोणी घेतली नसती.

बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याच्या जागेची तपासणी कशी करतात, ती कुठे फसते आणि एकाच जमिनीबद्दल दोन शास्त्रीय संस्था परस्परविरुद्ध निष्कर्ष कशा काढतात, हे समजून घ्यायला भोपाळइतके बोलके उदाहरण भारतात दुसरे नाही. येथे पस्तीस वर्षांत कंपनीने, सरकारी प्रयोगशाळांनी, स्वयंसेवी संस्थांनी आणि न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तज्ज्ञांनी नमुने घेतले. प्रत्येकाने आपापला खड्डा खणला आणि बहुतेकांना आपापल्या खड्ड्यापुरतेच खरे दिसले.

अशा तपासाची सुरुवात कुदळीने होत नाही, कागदपत्रांनी होते. कारखान्यात काय बनत होते, कोणता कच्चा माल किती येत होता, पक्का माल किती जात होता आणि मधला फरक कुठे गेला, हा पहिला हिशेब. भोपाळमध्ये कीटकनाशके बनत. सेविन या व्यापारी नावाने विकले जाणारे कार्बारिल हे मुख्य उत्पादन आणि त्याच्या जोडीला टेमिक म्हणजे अल्डिकार्ब. सुरुवातीला मिथाइल आयसोसायनेट बाहेरून आणले जाई. १९८० च्या सुमारास ते इथेच बनू लागले. सेविनसाठी अल्फा नॅप्थॉल लागे. शिवाय सेविनमध्ये लिंडेन मिसळून सेविडॉल नावाचे मिश्रण तयार होई. यांखेरीज कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोबेन्झिन असे क्लोरिनयुक्त द्रावक वापरात होते.

हा तपशील कंटाळवाणा वाटला तरी पुढची सगळी तपासणी त्यावर उभी असते. प्रयोगशाळेतील यंत्र ‘यात काय काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर आपणहून देत नाही. ते बहुतेक वेळा ‘यात अमुक आहे का’ एवढेच सांगते. नेहमीच्या पाणीतपासणीत आम्लता, कठीणपणा, क्षार आणि जंतू पाहतात. त्या तपासणीतून कार्बन टेट्राक्लोराइडने भरलेली बाटलीही निर्धोक ठरून बाहेर पडेल. कारण तो शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, आणि तीही त्याचे नाव यादीत घालून. लिंडेनच्या बाबतीत तर आणखी एक खोच आहे. हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन या रसायनाची अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी अनेक रूपे एकत्रच तयार होतात. त्यांतले फक्त गॅमा रूप कीटक मारते, आणि तेच लिंडेन. ते वेगळे काढले की उरते तो निव्वळ कचरा. भारतीय पेयजल मानक आयएस १०५०० मध्ये लिंडेनची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे, तर अल्फा रूपाची ०.०१ आणि बीटा-डेल्टाची ०.०४. नुसते लिंडेन तपासून ‘मर्यादेत आहे’ असा शेरा मारला, तर खरा कचरा नजरेतून निसटतो.

कागदपत्रांचा दुसरा उपयोग म्हणजे जागा ठरवणे. भोपाळचा कारखाना शहराच्या उत्तरेस काली परेड भागात, राज्य सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या सुमारे ६७ एकर जमिनीवर आहे. सुरुवातीला कचरा आवारातल्याच खड्ड्यांत आणि मोकळ्या जागेत टाकला जाई. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला सुमारे चारशे मीटरवर बाष्पीभवनाची तळी खोदली गेली. कारखान्याचे सांडपाणी नळातून तिथे न्यायचे, उन्हाने पाणी उडून जाईल आणि तळाशी गाळ उरेल, अशी ही योजना. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळाला प्लास्टिकचे अस्तर घातले होते. पण १९८२ च्या मार्च-एप्रिलमध्येच भोपाळहून कंपनीच्या अमेरिकेतील कार्यालयाला गेलेल्या तारांत तळे गळत असल्याची आणि ती गळती चिंतेची झाल्याची नोंद आहे. ही कागदपत्रे पुढे अमेरिकेतील खटल्याच्या निमित्ताने उजेडात आली. जागेच्या तपासात असा एक जुना कागद शंभर बोअरइतका मोलाचा ठरतो. कुठे, केव्हापासून आणि कशातून गळती सुरू झाली, हे तो एका ओळीत सांगतो. अडचण एवढीच की असे कागद बहुधा कारखानदाराच्या कपाटात असतात आणि तपास करणाऱ्याला ते मिळेपर्यंत वीस वर्षे गेलेली असतात.

यानंतर जमीन वाचायची. भोपाळच्या या भागात वर काळी माती, खाली पिवळसर चिकणमाती, त्याखाली वाळूमिश्रित गाळाचा थर आणि तळाशी विंध्य वालुकाश्म अशी रचना आहे. हापशांना आणि बोअरना पाणी मिळते ते खालच्या थरांतून. चिकणमातीतून पाणी फार सावकाश झिरपते, त्यामुळे वरचा कचरा खाली पोचायला अनेक वर्षे लागतील, असे गणित कागदावर सहज मांडता येते. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला मात्र या गणितातली त्रुटी लगेच कळेल. काळी माती एप्रिल-मे महिन्यांत भेगाळते, भेगांत हात जाईल इतकी, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरते. शिवाय कारखान्याच्या जमिनीत पाया, गटारे, नळ, जुन्या विहिरी असतात. प्रयोगशाळेत मातीच्या अखंड ढेपेतून पाणी झिरपण्याचा जो वेग निघतो, तो अशा जमिनीला लावता येत नाही.

रसायनेही सगळी एकाच पद्धतीने प्रवास करत नाहीत. हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन मातीच्या कणांना धरून बसते, म्हणून ते कचऱ्याच्या जवळ आणि वरच्या थरात जास्त सापडते. पावसाच्या लोंढ्याबरोबर माती वाहिली की तेही वाहते. कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म हे पाण्यापेक्षा जड द्रव, पाण्यात थोडेच विरघळणारे. तेल पाण्यावर तरंगते, हे मात्र तळ गाठतात. भूजलातून उतरत उतरत ते एखाद्या घट्ट थरावर साचतात आणि तिथून वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहतात. म्हणून उथळ विहीर स्वच्छ आणि शेजारचा खोल बोअर दूषित, असा उलटा प्रकार घडू शकतो. पारा तर पाण्याच्या साडेतेरा पट जड. तो जिथे सांडला तिथल्या फटीत उतरून बसतो, पण त्याची वाफ होत राहते. याउलट कार्बारिल, म्हणजे कारखान्याचे मुख्य उत्पादन, ओलसर जमिनीत तुलनेने लवकर विघटित होते. ज्याचे नाव पोत्यांवर छापलेले होते ते संपत जाते आणि ज्यांची नावे ग्राहकाला कधी कळलीच नाहीत ती द्रावके आणि टाकाऊ रूपे मागे उरतात.

मग नमुने. मातीचा नमुना म्हणजे वरची मूठभर माती नव्हे. हाताने फिरवायच्या गिरमिटाने किंवा यंत्राने ठरावीक खोलीपर्यंत भोक पाडून दर थराची माती वेगळी काढायची, प्रत्येक वेळी गिरमिट धुवायचे, माती काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावायचे आणि चिठ्ठीवर जागा, खोली, वेळ लिहायची. खोल बोअर घेताना वेगळीच भीती असते. वरच्या दूषित थरातून खालच्या स्वच्छ थरापर्यंत भोक पाडले की तपासणीच प्रदूषणाला वाट करून देते. म्हणून आधी वरच्या भागात नळी बसवून ती बाहेरून बंदिस्त करतात आणि मगच पुढे खोदतात.

पाण्याच्या नमुन्याचे नियम आणखी काटेकोर. विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकायचे, कारण बाष्पशील द्रव्ये त्यातून उडालेली असतात. बाटली काचेची हवी. प्लास्टिकमध्ये काही द्रव्ये शोषली जातात. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर क्लोरोफॉर्म पाण्यातून त्या हवेत जाते आणि झाकण उघडताच नाहीसे होते. नमुने बर्फात ठेवून न्यायचे. त्यांच्याबरोबर शुद्ध पाण्याची एक बाटलीही तोच प्रवास करते. तिच्यात काही सापडले, तर ते जमिनीतले नव्हे, वाटेत किंवा प्रयोगशाळेत मिसळलेले. दूरवरच्या, कारखान्याशी संबंध नसलेल्या विहिरीचाही नमुना लागतो, म्हणजे त्या भागाची मूळ पातळी कळते. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस अशा दोन्ही वेळी नमुने घ्यावे लागतात. एकाच दिवसाच्या नमुन्यावरून ‘पाणी चांगले’ असा निकाल देणे हा या क्षेत्रातला सर्वात सामान्य आणि सर्वात सोयीचा दोष आहे.

भोपाळमध्ये हे सगळे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे. १९८९ च्या जून-जुलैमध्ये कंपनीनेच आवारातून माती आणि द्रव यांचे नमुने घेऊन तपासले. घन नमुन्यांत सेंद्रिय रसायनांचे प्रमाण १० ते १०० टक्के निघाले. नॅप्थॉल, नॅप्थलीन मुबलक होते. विषारीपणा तपासण्यासाठी नमुन्यांत मासे सोडले, तेव्हा सगळे मासे मेले. ही टिपणी अंतर्गत होती आणि लोकांपुढे आली ती बऱ्याच वर्षांनी. १९९० मध्ये भोपाळमधील कार्यकर्त्यांनी पाठवलेले नमुने बॉस्टनच्या एका नागरी प्रयोगशाळेने तपासले, तेव्हा आसपासच्या पिण्याच्या पाण्यात डायक्लोरोबेन्झिनसारखी द्रव्ये दिसली. राज्य सरकारच्या प्रयोगशाळेलाही १९९० च्या दशकात हापशांच्या पाण्यात रासायनिक प्रदूषण आढळले. काही हापशांना लाल रंग फासून त्यांवर ‘हे पाणी पिऊ नये’ असे लिहिले गेले. दुसरे पाणी मात्र दिले गेले नाही. लोक लाल हापशाचे पाणी पीत राहिले.

याच काळात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, जागेचा अभ्यास केला. १९९७ च्या तिच्या अहवालाने आवारातील माती दूषित असल्याचे मान्य केले, पण भूजल दूषित नसल्याचे म्हटले. दूषित द्रव्ये भूजलापर्यंत पोचायला २३ वर्षे लागतील, असा तिचा अंदाज होता. गंमत अशी की त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत युनियन कार्बाइडची सल्लागार कंपनी आर्थर डी. लिटल हीच होती. परिस्थिती वाईट असेल तर हा प्रवास दोन वर्षांतही होऊ शकेल, असा इशारा तिने दिला. तेवीस आणि दोन यांतला फरक हा मोजमापाचा नाही, गृहीतकाचा आहे. चिकणमाती अखंड मानली तर एक उत्तर आणि तडे गेलेली, भोके पडलेली मानली तर दुसरे. आणि १९६९ पासून मोजले तर १९९७ पर्यंत तेवीस वर्षेही उलटून गेली होती! १९९४ मध्ये युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतील आपला हिस्सा विकला. पुढे एव्हरेडी इंडस्ट्रीज झालेल्या त्या कंपनीने १९९८ मध्ये जमिनीचा भाडेपट्टा मध्य प्रदेश सरकारला परत केला.

१९९९ मध्ये ग्रीनपीसने अहवाल प्रसिद्ध केला आणि चित्र पालटले. सेविन विभागाजवळच्या गटारातील गाळात पाऱ्याचे प्रमाण वजनाच्या सुमारे १२ टक्के निघाले. हे प्रदूषण नव्हे, जवळपास खनिजच म्हणायचे. कारखान्याबाहेरच्या वस्तीतील एका हापशाच्या पाण्यात लिटरमागे ३,४१० मायक्रोग्रॅम कार्बन टेट्राक्लोराइड होते. जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची मर्यादा २ मायक्रोग्रॅम, म्हणजे १,७०० पटींहून जास्त. पुढे संघटनेने ही मर्यादा ४ मायक्रोग्रॅम केली. त्या हिशेबाने तोच आकडा साडेआठशे पट होतो. ‘इतके पट’ अशा मथळ्यांत मर्यादा कोणती आणि केव्हाची, हे पाहावे लागते. पण या बाबतीत पट दुप्पट की निम्मे याने फारसा फरक पडत नव्हता. पाणी पिण्याजोगे नव्हते, एवढे पुरे होते. २००४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बाधित वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला. नळाचे पाणी प्रत्यक्ष पोचायला मात्र आणखी बरीच वर्षे गेली. दरम्यान वस्त्यांची यादी १४ वरून २२ वर आणि पुढे ४२ वर गेली.

२००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने कारखान्यापासून तीन किलोमीटरपर्यंतच्या पाण्याचे नमुने तपासले. भूजलात क्लोरिनयुक्त बेन्झिन आणि कीटकनाशके सापडली. कीटकनाशकांचे सरासरी प्रमाण भारतीय मानकाच्या सुमारे बारा पट होते. आता नुसते ‘सापडले’ म्हणून कारखाना दोषी ठरत नाही. शेतातून, घरातल्या फवारणीतूनही कीटकनाशक पाण्यात येऊ शकते. इथे ओळख पटते ती जोडगोळीवरून. एकाच पाण्यात कारखान्याच्या मातीत सापडलेली कीटकनाशके आणि कारखान्याने वापरलेली द्रावके दोन्ही एकत्र असतील, तर शेतीचा खुलासा टिकत नाही. डायक्लोरोबेन्झिन कोणी गव्हावर फवारत नाही.

पुढच्याच वर्षी नीरीने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह नवा अभ्यास सादर केला. भूभौतिकी संस्थेने जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा विरोध मोजला. क्षारयुक्त सांडपाणी मुरलेली जमीन वीज सहज वाहून नेते, तर गाडलेला डांबरी कचरा तिला अडवतो. त्यामुळे न खोदताही गाडलेल्या कचऱ्याच्या जागा अजमावता येतात. या अभ्यासातले आकडे पुढे सगळीकडे उद्धृत झाले: सुमारे ११ लाख टन दूषित माती, जमिनीत गाडलेला दीडशे टनांच्या आसपास कचरा आणि एक टन सांडलेला पारा. भूजलाबद्दल मात्र या अहवालाचे म्हणणे सौम्य होते. मोजक्याच जवळच्या विहिरींत प्रदूषण आहे आणि तेही वरच्या कचऱ्यावरून वाहून आलेल्या पावसाच्या पाण्याने, चिकणमाती आडवी असल्याने खालून नव्हे, असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष वादग्रस्त ठरला आणि ते योग्यच झाले. एका बाजूला तीन किलोमीटरवर सापडलेली द्रव्ये, दुसऱ्या बाजूला पाच-सहा विहिरी. दोघांच्या प्रयोगशाळा खोटे बोलत होत्या असे नाही. कोणत्या विहिरी निवडल्या, किती खोलीवरून पाणी घेतले आणि कोणती द्रव्ये यादीत घातली, यात फरक होता.

या वादाचा एक परिणाम असा झाला की सगळ्यांचे लक्ष ज्यावर वाद नव्हता त्या गोष्टीकडे वळले, म्हणजे शेडमध्ये रचलेल्या पोत्यांकडे. २००५ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून आवारातला उघड्यावर पडलेला कचरा गोळा करण्यात आला होता. त्यातला सुमारे ४० टन चुन्याचा गाळ २००८ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला नेऊन पुरला गेला. उरले ३३७ टन. त्यात १६२ टन माती, ९२ टन सेविन आणि नॅप्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार कीटकनाशक आणि २९ टन अभिक्रिया-टाक्यांतला कचरा. हा माल जाळायचा कुठे, यावर दहा वर्षे गेली. गुजरातमधील अंकलेश्वरने नकार दिला. २०११ मध्ये न्यायालयाने नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचा मार्ग सुचवला, तेव्हा महाराष्ट्रातून विरोध झाला आणि तोही बारगळला. २०१२ मध्ये जर्मनीतील सरकारी संस्था जीआयझेडने तो हॅम्बुर्गला नेऊन जाळण्याची तयारी दाखवली आणि तिथल्या विरोधानंतर माघार घेतली.

२०१५ मध्ये पीथमपूरला दहा टन कचरा चाचणी म्हणून जाळला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली आणि १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनर पोलीस बंदोबस्तात पीथमपूरकडे निघाले. तिथे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर ज्वलनशील द्रव ओतून पेटवून घेतले. शेवटी फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन चाचण्या झाल्या आणि ताशी २७० किलो या वेगाने जाळत ३० जून २०२५ रोजी काम संपले. जाळताना चुना आणि इतर द्रव्ये मिसळावी लागतात, त्यामुळे ३३७ टन कचऱ्याची राख आणि अवशेष आठशे टनांच्या वर गेले. ती राख कुठे पुरायची, यावर नवा वाद सुरू झाला. या कामासाठी १२६ कोटी रुपयांची तरतूद होती.

या आकड्यांपुढे ११ लाख टन ठेवून पाहावे. त्याच गतीने, रात्रंदिवस भट्टी चालवली, तरी तेवढी माती जाळायला साडेचारशेहून अधिक वर्षे लागतील. बारा कंटेनरच्या हिशेबाने कंटेनर लागतील सुमारे ३९ हजार. म्हणजे पोती जळाली ही चांगली गोष्ट झाली, पण ती जागेच्या स्वच्छतेची सुरुवात म्हणायची, शेवट नव्हे. १९९६ मध्ये बाष्पीभवनाच्या तळ्यांतील गाळही असाच एका तळ्यात गोळा करून वरून झाकला गेला होता आणि काम संपल्यासारखे झाले होते. पाणी अजूनही तिथे साचते आणि आसपासची वस्ती वाढत त्या काठापर्यंत आली आहे.

एवढ्या मातीचे काय करता येते? जाळणे शक्य नाही, म्हणून नीरीच्या २०१० च्या अहवालात आवारातच सुरक्षित भरावात ती पुरण्याचा पर्याय सुचवला होता. पारा असलेली माती वेगळी काढून तापवायची, वाफ थंड करून पारा परत मिळवायचा. हे तंत्र जुने आणि खात्रीचे आहे. बाष्पशील द्रावकांसाठी जमिनीतून हवा ओढून ती कोळशाच्या गाळणीतून सोडतात. क्लोरिनयुक्त रसायने खाणारे जीवाणूही आहेत. पण त्यांना योग्य ओलावा, तापमान आणि बऱ्याचदा प्राणवायूचा अभाव लागतो, आणि ते सगळ्या रसायनांवर सारखे काम करत नाहीत. दूषित भूजल उपसून गाळून परत सोडणे हा जगभर वापरला जाणारा मार्ग. मात्र तळाशी साचलेला जड द्रव तसाच राहिला, तर पंप थांबवताच पाणी पुन्हा दूषित होते. त्यामुळे अशा यंत्रणा दशकानुदशके चालवाव्या लागतात.

यातला प्रत्येक मार्ग निवडण्याआधी दूषित भूजलाची हद्द किती लांब, किती खोल आणि कोणत्या दिशेने सरकते आहे हे माहीत असायला हवे. त्यासाठी वेगवेगळ्या खोलीच्या निरीक्षण विहिरींचे जाळे आणि निदान दोन-तीन वर्षे ऋतूनिहाय मोजणी लागते. पिण्यासाठी खोदलेल्या हापशांचे नमुने हे काम करू शकत नाहीत. ते लोकांच्या सोयीच्या जागी आणि पाणी लागेल तिथपर्यंत खोदलेले असतात, प्रदूषणाच्या वाटेवर नव्हे. भोपाळमधील बहुतेक निष्कर्ष मात्र याच हापशांवर आधारलेले आहेत.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. देशात अशा जागांसाठी स्वतंत्र नियम प्रथमच आले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, नंतर सविस्तर पाहणी आणि जबाबदार पक्षाकडून स्वच्छतेचा खर्च वसूल करायचा, असा त्यांचा आराखडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदीत आतापर्यंत १०३ दूषित जागा आहेत. भोपाळमध्ये अडचण येते ती शेवटच्या कलमाशी. भारतीय कंपनीची मालकी १९९४ मध्ये बदलली, जमीन १९९८ पासून राज्य सरकारच्या ताब्यात आहे, २००१ मध्ये युनियन कार्बाइड डाऊ केमिकलच्या मालकीची झाली आणि डाऊ ही जबाबदारी मान्य करत नाही. अमेरिकेतील न्यायालयांनीही जागेच्या प्रदूषणावरून मूळ कंपनीला जबाबदार धरण्यास नकार दिला आहे. त्यामुळे निरीक्षण विहिरी कोणी खोदायच्या आणि त्यांचे पैसे कोणी भरायचे, हे मध्य प्रदेश सरकार, केंद्र आणि न्यायालय यांच्यातच ठरायचे आहे.